खाच आणि माड

थळच्या पुळणीवर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. दोन्हींवर किल्ले आहेत. खांदेरीवर 1867 साली बांधलेलं दीपगृह आहे आणि थळच्या कोळीवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी रात्री घरी परतताना त्या दिव्याकडे पाहिलं आहे. नवख्या माणसाला वाटतं, बेट तर समोर दिसतंय, मग तिथं जायला अक्कल कशाला लागते? होडीचं नाक बेटाकडे करावं आणि वल्हं मारत राहावं.

तसं गेलं तर माणूस भलतीकडेच पोचतो. का, त्याचीच ही गोष्ट आहे.

1979 सालची नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या होड्या पाण्यात उतरल्या होत्या. कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल सकाळीच दोन नातवांना घेऊन निघाला. त्याच्या दोन मुलींचे हे दोन मुलगे, एकमेकांचे मावसभाऊ. थोरला पंधरा वर्षांचा, त्याला सगळे दादूस म्हणत. धाकटा चौदाचा, तो सगळ्यांचा धाकला. आजाची होडी लहान होती. इंजिन नव्हतं. दोन वल्ही, एक जुनं शीड आणि मागे सुकाणू.

"खांदेरीला वेतोबाच्या पायाशी नारळ ठेवायचाय," आजा म्हणाला. "आज सुकानू तुमच्या हातात. पयला दादूस."

दादूस खूश झाला. त्यानं खांदेरीच्या दीपगृहावर नजर लावली आणि होडीचं नाक बरोबर त्या मनोऱ्यावर धरलं. आजा आणि धाकला वल्ही मारत होते. लाट आली, नाक हललं, की दादूस लगेच सुकाणू फिरवून मनोरा पुन्हा नाकासमोर आणायचा. एकदाही त्याची नजर ढळली नाही. बऱ्याच वेळानं आजानं वल्हं थांबवलं.

"दादूस, खांदेरी कुठं हाय?"

"ही काय, नाकासमोर."

"आनी उंदेरी?"

दादूसनं उजवीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. उंदेरीचे काळे खडक हाकेच्या अंतरावर आले होते. लाट त्यांच्यावर फुटून पांढरी होत होती. नाक खांदेरीकडेच होतं, पण भरतीचं पाणी होडीला आडवं ढकलत इथवर घेऊन आलं होतं आणि कुणाला कळलंही नव्हतं.

"मी तर सरळच धरली होती," दादूस रडवेल्या आवाजात म्हणाला.

"नाक सरळ धरलंस, पोरा. होरी नाय." आजा रागावला नव्हता. "आता मागं बघ. किनाऱ्यावर आपला उंच माड दिसतो? त्याच्या मागं सागरगडाच्या डोंगरात खाच दिसते? निघालो तवा माड खाचेत होता. आता?"

माड खाचेच्या पार उजवीकडे गेला होता. दोन्हींच्या मध्ये वीतभर आभाळ दिसत होतं.

"माड ज्या अंगाला सरकला, त्या अंगाला होरी ने. माड खाचेत बसला का समज, आपन वाटेवर हाय."

मग दोघांना खूप वल्हवावं लागलं. जे अंतर वाहत जाताना फुकट गेलं होतं, ते परत येताना घामानं मोजावं लागलं. माड खाचेत बसल्यावर आजानं सुकाणू धाकल्याच्या हातात दिलं. धाकला दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघायचा. माड जरा सरकलाय असं दिसलं की सुकाणू बोटभर फिरवायचा. गंमत अशी की त्याच्या होडीचं नाक खांदेरीकडे नव्हतंच. ते खांदेरीच्या डावीकडे, मोकळ्या समुद्राकडे होतं. दादूसला वाटलं, हा चुकतोय. पण पाण्याची ओढ जेवढं उजवीकडे नेत होती, तेवढंच ते नाक डावीकडे होतं आणि होडी सरळ रेघेत खांदेरीला लागली.

बेटाभोवतीच्या दगडांना तीक्ष्ण कालवं चिकटलेली असतात. दोघांनी जपून पाय टाकले. नारळ ठेवून झाल्यावर तिघं तटावर बसले आणि आजानं त्यांना मायनाक भंडाऱ्याची गोष्ट सांगितली. आजाला साल ठाऊक नव्हतं, पण त्या वर्षी त्या गोष्टीला बरोबर तीनशे वर्षं होत होती.

1679 साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. खांदेरी मुंबईच्या तोंडाशी आहे. तिथं मराठ्यांचा किल्ला उभा राहणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांची तोफा लावलेली जहाजं बेटाला वेढा घालून बसली. जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांच्या मदतीला आला. त्या वर्षी ऑक्टोबरात दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराची आणि इंग्रजांची मोठी चकमक झाली आणि तिच्यात मराठ्यांनी इंग्रजांचं एक जहाज पकडलं. इतिहासाच्या पुस्तकात ती लढाई ठळक दिसते. पण किल्ला काही त्या एका लढाईनं उभा राहिला नाही. तो उभा राहिला या किनाऱ्यावरून अंधारात निघणाऱ्या लहान होड्यांनी. इंग्रजांची जहाजं मोठी, शिडावर चालणारी. वारा पडला की खोळंबायची, उथळ पाण्यात यायला भ्यायची. या होड्या वल्ह्यांवर चालत, वाऱ्याच्या तोंडावरही चालत, आणि खडकांच्या अधूनमधून वाट काढत. धान्य आणि बांधकामाचं सामान घेऊन त्या जात आणि उजाडायच्या आत परत येत. असं महिनोन्‌महिने चाललं. 1680 उजाडल्यावर सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, तरी खांदेरीचं काम मोडलं नाही. शेवटी इंग्रजांनाच वेढा उठवावा लागला.

"त्यातल्या एका रात्री एका होरीनं म्हटलं असतं, आज र्‍हाऊ दे, तर काय झालं असतं?" आजानं विचारलं.

पोरं गप्प.

"काय पन नाय. एका होरीनं काय फरक पडतो? पन मंग दुसऱ्या रात्री दुसरी बोलली असती. मंग ह्यो तट कुठून आला असता?"

परतीच्या वाटेवर ऊन कलत होतं. आजा सुकाणूवर होता. धाकल्यानं विचारलं, "आजा, दर्यात खाच नि माड असतात. जमिनीवर कसल्या खुणा?"

आजा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काल काय बोल्लास, ही मागची खूण. आज काय केलंस, ही पुढची. दिस मावलला का दोनी एका रेघंत हायत का बघायचं. सरकल्या असतील तर बोटभर सुकानू फिरवायचं. बोटभरच. पन रोज."

"आनी एखाद दिस नाय बघितलं तर?" दादूसनं विचारलं.

"एक दिस नाय बघितलंस तर काय पन होत नाय," आजा म्हणाला. "तोच तर घात हाय."

आजा पुढच्याच वर्षी गेला. पोरं मोठी झाली. 1985 साली थळच्या खत कारखान्यात उत्पादन सुरू झालं. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा तो मोठा प्रकल्प या पंचक्रोशीत आला आणि वाडी, शेती, मासेमारी याखेरीज दुसरं काही न पाहिलेल्या गावात महिन्याचा पगार आला. दादूसला तिथं नोकरी लागली. धाकला आजाच्या होडीवरच राहिला. तेव्हापासून आजवर कोळीवाड्यात कुणीही या दोघांबद्दल बोलताना म्हणतो की दोघांच्या वाटा 1985 साली फुटल्या. एकानं कारखाना धरला, एकानं दर्या धरला, आणि त्या एका निर्णयानं दोन आयुष्यं घडली.

मला ते पटत नाही. कारखान्यात जाऊन ज्यांनी संसार फुलवले अशी कितीतरी घरं त्याच गावात आहेत आणि दर्यावर राहून वाहवत गेलेलीही आहेत. वाट त्या दिवशी फुटली नाही. ती कुठे फुटली ते बघायचं तर दोघांच्या संध्याकाळी बघायला हव्यात.

दादूस मनानं चांगला होता. पहिला पगार हातात पडला तेव्हा त्यानं आईला तीन गोष्टी सांगितल्या. घर पक्कं बांधीन. आजाच्या होडीला इंजिन बसवून देईन. आणि तुझ्या डोळ्यापुढे धूर येतो म्हणतेस, तर मुंबईला नेऊन डोळे दाखवीन. यातला एकही शब्द खोटा नव्हता. ही तिन्ही बेटं त्याला समोर स्वच्छ दिसत होती. त्यांच्याविषयी तो इतक्या वेळा, इतक्या मनापासून बोलायचा की आपण तिकडेच चाललो आहोत अशी त्याची खात्री होती.

पाळी सुटली की तो नाक्यावर थांबायचा. दोस्त असायचे, चहा असायचा, पत्त्यांचा डाव असायचा. अर्धा तास म्हणता म्हणता नऊ वाजायचे. त्यात वाईट काही नव्हतं. तो दारू पीत नव्हता, कुणाचे पैसे बुडवत नव्हता, घरात हात उगारत नव्हता. आईचे डोळे दाखवायचे होते, ते येत्या रविवारी. त्या रविवारी कुणाचं तरी लग्न निघायचं, मग पुढच्या रविवारी. असे दोन वर्षांचे रविवार गेले. अखेर नेलं तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. आईची फार थोडी उरली होती.

त्याची मुलगी शाळेत जायला लागली. ती हुशार होती. पहिलीत असताना संध्याकाळी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायची. बापूस आला की म्हणायची, "बाबा, धडा वाचून दाखवू?" तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. "उद्या ऐकतो हां, बाय. आज दमलोय." ती दुसरीत गेली, तिसरीत गेली. पुस्तक जाड होत गेलं. पाचवीत असताना कधीतरी तिनं विचारायचं सोडून दिलं. नेमकं कोणत्या दिवशी, हे दादूसला सांगता येणार नाही. त्याला ते कळलंच नव्हतं. उंदेरीचे खडक जवळ आले तेव्हा तरी कुठे कळलं होतं?

मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन ठाण्याला गेली. तिचा फोन येतो. आईशी अर्धा तास बोलते. बापूसशी बोलायची वेळ आली की दोघंही पाऊसपाण्याची चौकशी करतात आणि फोन परत आईकडे जातो.

आता धाकल्याच्या संध्याकाळी. त्याचं लग्न झालं ते सातवी शिकलेल्या मुलीशी. ती रोज पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात म्हावरं विकायला जायची. उधारी-उसनवारी लक्षात ठेवण्यासाठी तिनं एक वही घातली. एका संध्याकाळी धाकल्याला आजाचं बोलणं आठवलं आणि त्यानं बायकोला वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखायला सांगितले. एकावर लिहिलं, बोल्लो. दुसऱ्यावर लिहिलं, केलं. रात्री जेवणाआधी दोघं दिव्याखाली बसत. ती आदल्या दिवशीचा पहिला रकाना वाचून दाखवी. मग विचारी, "आज काय लिवू?"

कितीतरी संध्याकाळी दुसरा रकाना कोराच राहायचा. जाळं शिवीन म्हटलं होतं, शिवलं नाही. पोराचा पाढा ऐकीन म्हटलं होतं, झोप लागली. अशा वेळी ती काही बोलायची नाही. फक्त तो कोरा रकाना बोटानं दाखवून वही मिटायची. दुसऱ्या दिवशी धाकला होडीवरून उतरला की आधी पोराला हाक मारायचा. डिझेलचे आणि बर्फाचे पैसे वळते करून रोज दहा रुपये डब्यात टाकायचे, असं एकदा वहीत लिहिलं गेलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात. वाऱ्यावादळाचे दिवस वेगळे. तरी वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर अडीच हजार होतात. हा आकडा फार मोठा नाही, पण आजारपण आलं तेव्हा त्या घरातून कुणाला व्यापाऱ्याच्या दारात जावं लागलं नाही.

याचा अर्थ धाकला चुकला नाही असा मुळीच नाही. दोघांत मोठी चूक केली ती त्यानंच. एका हंगामात म्हावरं फारच कमी लागलं. शेजारच्या बोटी लहान आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी घेऊन पाटी भरून आणत होत्या. धाकल्यानं व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि तसलंच जाळं आणलं. मग पाटी भरायला लागली. तळहातापेक्षा लहान पापलेटं, ज्यांनी एकदाही अंडी घातली नव्हती अशी, ढिगानं येऊ लागली. ढीग मोठा, भाव मातीमोल. त्या रात्री बायकोनं वही उघडली. पहिल्या रकान्यात महिनाभरापूर्वीचं वाक्य होतं. पोराला मोठा झाल्यावर हीच होडी द्यायची.

"आज काय लिवू?" तिनं विचारलं.

धाकला पाटीतल्या त्या इवल्या पापलेटांकडे बघत राहिला. पोराला होडी द्यायची म्हणतोय आणि त्याच्या वाटणीचं म्हावरं आजच विकून येतोय. माड खाचेपासून वीतभर सरकला होता.

त्यानं दुसऱ्या दिवशी जाळं जाळून टाकलं असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण तसं घडलं नाही. डोक्यावर उचल होती. जाळ्यात येऊन वर ओढलेलं पापलेट परत पाण्यात टाकलं तरी बहुधा जगत नाही, त्यामुळे मासळी सोडून देऊन भागणार नव्हतं. बदलायचं तर जाळंच बदलायला हवं होतं. त्यानं आणि बायकोनं ठरवलं की दर महिन्याला थोडी उचल फेडायची आणि जाळ्याचा एक तुकडा काढून तिथं मोठ्या आसाचा तुकडा जोडायचा. पहिल्या महिन्यात जाळ्याचा एक कोपराच बदलला. शेजारचे हसले. एका कोपऱ्यानं दर्यात मासा वाढतो का? धाकल्याकडे उत्तर नव्हतं. तो जाळं शिवत राहिला. दीड वर्षानं सगळं जाळं मोठ्या आसाचं झालं आणि उचल फिटली. मधल्या काळात त्याची पाटी इतरांपेक्षा हलकी असायची. दुरून बघणाऱ्याला वाटायचं की याचं नाक भलतीकडेच आहे.

पुढे 2023 साली महाराष्ट्र सरकारनं चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं आणि 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी पकडायची नाही. एका माणसाच्या वहीतली गोष्ट अशी सगळ्या किनाऱ्याची झाली. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण नियम कागदावर येतो तेव्हा तो पाळायला कुणीतरी आधीपासून तयार असावा लागतो. धाकल्याला नवं जाळं आणावं लागलं नाही.

दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. दादूसनं आयुष्यात एकही मोठी चूक केली नाही. धाकल्यानं केली. तरी दादूस खडकांजवळ पोचला आणि धाकला वाटेवर राहिला. आपण मुलांना चुका करू नका म्हणून सांगतो, मोठे निर्णय नीट घ्या म्हणून सांगतो. ते खरंच आहे. पण दर्याला ओढ असते, तशी ती दिवसालाही असते. थकवा, आळस, दोस्तांचा आग्रह, चाललंय ते ठीक चाललंय ही समजूत, या सगळ्यांनी माणूस रोज थोडा आडवा वाहतो. जो वाहत नाही असा माणूस नाही. ध्येय समोर दिसत असतं, म्हणून आपण सरळ चाललो आहोत असं वाटत राहतं. खरी खबर समोरून मिळत नाही, ती मागे वळून मिळते. आणि ती मिळाल्यावर करायचं असतं ते फार लहान. एक पान वाचून ऐकायचं, एक रविवार मोडू द्यायचा नाही, जाळ्याचा एक कोपरा बदलायचा. बोटभर.

2025 साली 11 जुलैला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत रायगड आहे, राजगड आहे, सिंधुदुर्ग आहे, आणि खांदेरीही आहे. पुळणीवर त्याचीच चर्चा होती. दादूस आदल्या वर्षी निवृत्त झाला होता. आई केव्हाच गेली होती. घर पक्कं झालं होतं, पण त्यात दोनच माणसं होती. तो संध्याकाळी पुळणीवर येऊन बसायचा. नारळी पौर्णिमा झाली आणि एका सकाळी धाकला त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"चल दादूस. वेतोबाला नारळ ठेवून येऊ."

आता होडीला इंजिन होतं. धाकल्याच्या खिशात मोबाइल होता आणि त्यावर जीपीएस होतं. तरी त्यानं सुकाणू दादूसच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मागं बघून चल."

दादूसनं मागे पाहिलं. सागरगडाची खाच होती. माड नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा तो उंच माड कुठेच दिसेना.

"माड गेला काय रे?"

"निसर्ग वादळात," धाकला म्हणाला. "2020 साली, 3 जूनला. त्या दिवशी अख्ख्या वाड्या झोपल्या. आपला माड पन तवाच पडला."

दादूस गप्प झाला. सुकाणूवरचा त्याचा हात सैल पडला. आपल्याला मागे वळून बघायचं सुचलं तेव्हा खूणच उरली नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. धाकल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडलेल्याच्या डाव्या अंगाला बघ. जरा बुटका हाय तो. मी आता तो धरलाय. वादळानंतर चार दिस लागले शोधायला. खाच तीच हाय, दादूस. माड दुसरा धरायचा."

दादूस बघत राहिला. मग त्यानं सुकाणू हळूच फिरवलं. बुटका माड सरकत सरकत खाचेत येऊन बसला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बायकोकडून फोन घेतला आणि स्वतः ठाण्याला लावला. पलीकडून मुलीनं विचारलं, "बाबा? आई बरी हाय ना?"

"बरी हाय." तो थांबला. शब्द सापडत नव्हते. "तुझी पोरगी आता पहिलीत ना? तिला वाचता येतं काय? तिला बोल, फोनवर धडा वाचून दाखव. मी ऐकतो."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. दादूसला वाटलं, फोन तुटला.

"ती झोपलीय बाबा आता," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "उद्या कर फोन. सातला."

"उद्या," दादूस म्हणाला. हा शब्द त्यानं जन्मभर वापरला होता. फोन ठेवून तो उठला, शेजारच्या घरी गेला आणि धाकल्याच्या बायकोकडे एक कोरी वही मागितली. पहिल्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, उद्या सात वाजता फोन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरच्या दोस्तांनी हाक मारली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. डाव नुकता पडत होता. दादूसनं हात हलवला आणि तो घराकडे वळला. घरी येऊन ओट्यावर बसला, फोन लावला, कानाशी धरला.

पलीकडून एक लहान आवाज अडखळत, अक्षराला अक्षर जोडत वाचू लागला. दादूस ऐकत होता. धडा संपल्यावर त्यानं वही पुढे ओढली आणि उजव्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

ऐकला.